उरलेल्या पेशी

४ मार्च

पोचले एकदाची! खोली बोटभर आहे, पण खिडकी ऐसपैस, आणि नळाला गरम पाणी येतं. मला एवढ्यानेच राणी झाल्यासारखं वाटतंय. खाली चष्म्यांचं दुकान आहे. जिना उतरताना काचेमागच्या रिकाम्या चौकटी टक लावून बघतात. मी उगाचच त्यांच्याकडे बघून मान हलवते. अजून इथे कुणी ओळखीचं नाही ना, मग त्यांच्यापासूनच सुरुवात.

प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर. मॅडम फोटोत दिसतात त्यापेक्षा बुटक्या आणि दुप्पट वेगाने बोलणाऱ्या निघाल्या. सगळं फिरून दाखवलं आणि सांगितलं की उबवणीच्या कपाटाचं दार उघडं टाकणाऱ्याला त्या त्याच कपाटात कोंडतात. मी हसले. त्या हसल्या नाहीत. शेजारच्या टेबलावर एक बारकेलासा माणूस दोन पडद्यांमध्ये डोकं खुपसून बसलेला असतो. पेशींच्या माहितीचे नकाशे तो काढतो, म्हणून सगळे त्याला नकाशेवाला म्हणतात. त्याने मान वर न करताच माझं स्वागत केलं आणि चहा कुठे मिळतो ते सांगितलं. म्हणजे माणूस कामाचा आहे.

धाकट्या भावाला फोन केला. जेवलीस का, हा त्याचा पहिला प्रश्न. वास्तविक तो मी त्याला विचारायचा असतो.

७ मार्च

आज कामाची नीट ओळख झाली. धाकट्याला फोनवर समजावलं, तसंच इथे लिहून ठेवते.

स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके असतात, समुद्रातल्या बेटांसारखे. त्या बेटांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. धाकट्यासारखा लहानपणीच मधुमेह जडलेल्या माणसांत शरीराचे स्वतःचेच रक्षक या पेशींना शत्रू समजून मारून टाकतात. पूर्वी अख्खा पुंजका एकदम वाटून तपासायचे. म्हणजे वर्गातल्या सगळ्या पोरांना एकदम बोलायला लावायचं आणि गोंगाट ऐकायचा. आता आम्ही एकेक पेशी सुटी करतो, तेलातल्या एकेका थेंबात बसवतो, तिला तिची खूण देतो, आणि तिच्या आत कुठले निरोप चालू आहेत ते वाचतो. मग नकाशेवाला प्रत्येक पेशीचा एक ठिपका मांडतो. सारख्या पेशी जवळजवळ येतात.

वाचायचं म्हणजे पेशी फोडावी लागते, एवढंच. धाकटा म्हणाला, म्हणजे ताई, तू आधी मारतेस आणि मग चौकशी करतेस. पोलिसात का नाही गेलीस?

तो नऊ वर्षांचा असल्यापासून स्वतःला सुई टोचून घेतोय. आता सायकली दुरुस्त करतो, दाढी ठेवतो, पण हातावर साखर मोजणारी चकती आणि खिशात इन्सुलिनचं पेन असतंच. मी या क्षेत्रात का आले, हे मुलाखतीत विचारलं तेव्हा मी शास्त्रीय उत्तर दिलं होतं.

१५ मार्च

आज बर्फाच्या पेटीतून स्वादुपिंड आलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं. रस्त्यावरचा अपघात. लहानपणापासून धाकट्याचाच आजार. आईने रुग्णालयात होकार दिला होता.

मॅडम म्हणाल्या, फार आशा ठेवू नका, इतक्या वर्षांनी बीटा पेशी उरत नाहीत. पण उरल्या होत्या! मूठभर म्हणण्याइतक्याही नाहीत, चिमूटभर. सगळ्या मेल्या आणि याच का वाचल्या? या प्रश्नासाठी माणसं आयुष्य घालवतात. आम्ही तिघं अक्षरशः नाचलो. मॅडमसुद्धा.

नंतर हात धुताना लक्षात आलं की एक मुलगी गेली म्हणून आम्ही नाचलो. साबण परत एकदा लावला.

१९ मार्च

पहिला नकाशा आला. तिच्या बीटा पेशींचा ठिपक्यांचा झुबका सगळ्यांपासून दूर, पडद्याच्या कोपऱ्यात. नकाशेवाला म्हणाला की जिवाच्या आकांताने राबणाऱ्या पेशी आहेत या, एकेक दहाजणींचं काम करतेय. बाकीची काही बेटं बशीत घालून उबवणीत ठेवली आहेत, काही नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवली आहेत. मॅडम परिषदेसाठी आणि तिथल्या पुढच्या कामासाठी दीड महिना परदेशी गेल्या. जाताना तिच्या पेशी माझ्या हवाली केल्या. फार अभिमान वाटला.

२२ मार्च

आज तिचे वडील आले.

ते शिंपी आहेत. अपघात झाला तेव्हा कापड आणायला परगावी गेले होते. परतले तोवर सगळं उरकलं होतं. आरडाओरडा काही केला नाही त्यांनी. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले की मुलीच्या आईला दोष नाही, तिने चांगल्या मनानेच दिलं. पण त्यांना ते परत हवंय, जे काय उरलं असेल ते. मी संशोधनाचं महत्त्व सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की तिच्या प्रत्येक फ्रॉकला त्यांनी साखरेच्या गोळ्यांसाठी एक चोरखिसा शिवला होता. शाळेत, खेळात, झोपेत, तिला एक घटकासुद्धा शरीराला विसरता आलं नाही.

"दमली होती हो ती," ते म्हणाले. "आता तरी तिला कामाला लावू नका."

मॅडमना फोन केला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. आईवडिलांपैकी कुणीही नको म्हणालं की विषय संपला, सगळं परत द्यायचं, बशीसुद्धा, नळ्यासुद्धा. मी हो म्हणाले.

मी नळ्या पेटीत भरल्या. उरलेले तुकडे भरले. पेटी त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, सगळी आली ना? मी म्हणाले, हो काका, सगळी.

एक बशी उबवणीतच आहे. एक नळी टाकीत आहे, निळ्या झाकणाची.

२३ मार्च

नीट विचार केला. पेशींना कळत नाही. पेशी दमत नाहीत, तो आपला बोलण्याचा प्रकार. शिंपीकाकांचं दुःख खरं आहे, पण त्या बशीने त्यात भर पडत नाही. उलट धाकट्यासारख्या हजारोंचं भलं होईल. आणि बेटं बशीत फार तर आठवडा-दोन आठवडे जगतात. आपोआप मिटेल प्रकरण.

एवढं सगळं पटलंय, तर परत परत लिहायची काय गरज आहे मला?

नकाशेवाल्याने विचारलं, त्या बशीत काय आहे. मी म्हणाले, जुनं काहीतरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्याने सहजच विचारलं होतं.

५ एप्रिल

बशीतली बेटं मेलेली नाहीत.

मेली नाहीत हे मी समजू शकते. पण वाढली आहेत. बीटा पेशी जवळजवळ विभागत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. आज सूक्ष्मदर्शकाखाली बशीचा तळ दिसेना, इतकी दाटी. आणि खालच्या पाण्यात इन्सुलिनच इन्सुलिन. साखर मिळाली की बीटा पेशींनी इन्सुलिन सोडायचं, नाही मिळाली की थांबायचं. या थांबतच नाहीत. मी साखर नसलेल्या पाण्यात ठेवून पाहिल्या. तरीही चालूच.

भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. लिहिते ते खरं लिहिते.

९ एप्रिल

धाकटा राहायला आला! त्याचं दुकान डागडुजीसाठी बंद आहे. आल्या आल्या माझ्या खोलीला खुराडं म्हणाला, आणि मग त्याच खुराड्यात गादी पसरून घोरायला लागला. खाली जाऊन चष्मेवाल्याच्या सायकलची साखळीही बसवून दिली. चार दिवसांत त्याची ओळख माझ्यापेक्षा जास्त होणार.

आज त्याला प्रयोगशाळा दाखवली. त्याला ती बशीही दाखवली. म्हणाला, म्हणजे माझ्या ज्या मेल्या, त्या अशा दिसायच्या? बराच वेळ बघत होता. कुणाच्या आहेत, असं विचारलं त्याने. मी म्हणाले, एका मुलीच्या. तिला थँक्यू सांग, म्हणाला.

१४ एप्रिल

धाकट्याची साखर कधी नव्हे इतकी शांत आहे. चकतीचा आलेख सपाट रेषा. इन्सुलिन निम्म्यावर आणलं तरी तेच. तो म्हणतो, ताईच्या हातच्या पावाचा गुण. ताईचा पाव तर बेकरीतला असतो.

आज त्याने जॅमचा डबा चमच्याने संपवला आणि काहीही झालं नाही. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. तो नऊ वर्षांचा असताना वाढदिवसाला केक न खाता बाजूला बसला होता, ते मला आठवलं आणि मी बाहेर जिन्यात जाऊन रडले.

कारण काय, हे मी स्वतःला विचारत नाहीये.

१८ एप्रिल

नकाशेवाल्याने बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता. या महिन्यात आम्ही तीन वेगळ्या माणसांच्या पेशी वाचल्या. तिन्ही नकाशांत कोपऱ्यात तोच झुबका. त्याला वाटलं, सरमिसळ झाली. प्रत्येक माणसाच्या पेशींतल्या जनुकांत अक्षरांचे बारीक फरक असतात, त्यावरून कुणाची कोण ते ओळखता येतं. त्याने ते तपासलं.

सगळ्या तिच्या आहेत.

त्याने मला विचारलं की तिचं काही मागे राहिलंय का. मी म्हणाले, यंत्र नीट धुतलं गेलं नसेल. तो म्हणाला, यंत्र त्यानेच धुतलं होतं. स्वतःवरच संशय आला त्याला. दुपारभर तो यंत्र घासत होता आणि मी ते बघत होते.

२० एप्रिल

यंत्राची चाचणी म्हणून नकाशेवाल्याने माझं रक्त घेतलं. नेहमीची पद्धत आहे, प्रयोगशाळेतल्या कुणाचं तरी घेतात.

रक्तात इन्सुलिन बनवणारी पेशी नसते. कुणाच्याच नसते.

कोपऱ्यात झुबका होता. लहान. तिचा.

त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू काय केलंयस?" एवढंच म्हणाला. मी काही नाही म्हणाले, आणि पर्स घेऊन निघाले. बाहेर उजेड होता, माणसं फळं घेत होती. भूक लागली होती, भयंकर.

२१ एप्रिल

धाकट्याचं इन्सुलिन बंद केलंय. पूर्ण. तरी साखर उतरतेय.

२२ एप्रिल

न्याहारी करता करता तो खुर्चीवरून घसरला. चकती ओरडत होती. घामाने ओलाचिंब, मला ओळखेना, आई आई करत होता. तोंडात साखर कोंबली. रुग्णवाहिका. आता शिरेतून ग्लुकोज चालू आहे. थांबवलं की साखर पुन्हा घसरते.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं की त्याच्या रक्तातलं इन्सुलिन पेनातलं नाही, त्याच्या अंगातच बनतंय. याला हा आजार नक्की आहे ना, असं त्यांनी तीनतीनदा विचारलं. मी म्हणाले, नऊ वर्षांचा असल्यापासून. त्या म्हणाल्या, मग हे शक्य नाही.

मला माहीत आहे हे कोण करतंय. कुणाला थांबू दिलं नाही मी, तेही माहीत आहे.

२३ एप्रिल

शिंपीकाकांच्या दुकानात गेले. यंत्रावर निळा फ्रॉक, एक बाही लावायची राहिलेली. कुणाचा, ते विचारायचं धाडस झालं नाही.

सगळं सांगितलं. बशीचं. धाकट्याचं. वाटलं, कात्री फेकून मारतील. मारायला हवी होती. त्यांनी फक्त यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"म्हणजे इतके दिवस राबतेच आहे का ती?" ते म्हणाले. मग म्हणाले, चला.

आधी प्रयोगशाळेत गेलो. बशी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत धरली, लहान मुलाला थंडीत धरावं तशी. मग रुग्णालय. धाकट्याच्या उशाशी बसले. त्याचं मनगट हातात घेतलं आणि खूप हळू, घरात बोलतात तसं बोलले. पुरे गं आता. झालं तुझं काम. कुणी काही म्हणणार नाही. घरी चल.

संध्याकाळपर्यंत धाकट्याची साखर वर चढली. इतकी की इन्सुलिन द्यावं लागलं. डॉक्टरीणबाई हसल्या. मी भिंतीला टेकून खाली बसले. जीव भांड्यात पडला.

दाराशी काकांनी विचारलं, "आता सगळी आली ना? अर्धी घरात, अर्धी बाहेर, असं तिला कधी जमायचं नाही. कुणी मागे राहिलं की ती परत फिरायची."

मी म्हणाले, हो काका. सगळी.

२४ एप्रिल

का म्हणाले मी तसं?

कारण धाकट्याने जाग आल्यावर पहिल्यांदा पेन मागितलं. पोटाला सुई टोचली आणि हसून म्हणाला, आलो परत नोकरीवर. त्याला जॅम खाताना मी बघितलंय.

प्रश्न मात्रेचा आहे. बशीत फार झाल्या होत्या. निळ्या झाकणाच्या नळीत थोड्याशाच आहेत, गोठलेल्या, निपचित. थोड्या दिल्या, योग्य वेळी थांबवल्या, तर—

नकाशेवाल्याने मॅडमना कळवलंय. त्या परत येताहेत. टाकी तपासतील. म्हणून आज नळी हलवली. प्रयोगशाळेच्या इमारतीत टाक्यांना तोटा नाही, एकेकीत हजारो नळ्या. त्यांच्यातच ठेवली. वरचं नाव पुसलं. कुठे, ते इथेही लिहीत नाही. माझ्या डोक्यात आहे, तेवढं पुरे.

२७ एप्रिल

धाकटा घरी आला. अशक्त आहे. मला म्हणाला, ताई, तू किती घामेजली आहेस.

माझी साखर मोजली त्याने. चोपन्न, सत्तरच्या वर हवी. मला आजार नाही. मी कधी इन्सुलिन घेतलेलं नाही. बिस्किटांचा पुडा खाल्ला. एकसष्ट. पुन्हा पन्नास.

गोठलेली पेशी काही करू शकत नाही. उणे एकशे शहाण्णव अंश. काहीच करू शकत नाही.

३० एप्रिल

मॅडम आल्या. सगळं विचारलं. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. मी कबूल केलं— बशीचं केलं. नळीचं नाही केलं. तोंडापर्यंत आलं होतं. त्यांच्यामागे टाक्यांच्या खोलीचा दरवाजा होता आणि मला तिथून ऐकू येत होतं. नाही, ऐकू नव्हतं येत. भूक. फक्त भूक.

धाकट्याची रेषा परत सपाट झालीय. त्याला आनंद झालाय. त्याला सांगितलं नाही.

२ मे, सकाळ

त्याचीही उतरतेय. दोघांची. एकाच वेळी चढते, एकाच वेळी उतरते— एकच कुणी श्वास घेतंय तशी—

काकांना फोन केला. सांगितलं. नळी आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तेच म्हटलं, घरी का येत नाही पोर. निघालोय, म्हणाले. नळी काढून ठेवा.

२ मे, दुपार

साखर खातेय. मूठमूठ. गोडही लागत नाही.

धाकटा जमिनीवर. चकती ओरडतेय. रुग्णवाहिकेला फोन— केला बहुतेक. केला ना? अक्षर वाकडं येतंय.

काका खाली आलेत. जिन्यावर पाय वाजताहेत. त्यांना सांगायचं. बोलता आलं नाही तर म्हणून इथे लिहिते. नळी. निळं झाकण. नाव नाही तिच्यावर. मी पुसलं. नळी आहे ती

दुसऱ्या मजल्यावर— नाही. तिथे नाही. लांब होती ती खोली. टाकी मोठी— सगळ्याच मोठ्या. हजारो नळ्या. सगळ्या निळ्या—

काका विचारताहेत. समोर बसलेत, हात धरलाय माझा. कुठे आहे ती, विचारताहेत. सारखं विचारताहेत. मला माहीत होतं. आत्ताच माहीत होतं, काका, शपथ, मीच ठेवली, माझ्याच हाताने, ती